वसईची एक दिवसाची सहल: समुद्र, किल्ला आणि आपला विसरलेला इतिहास

सुट्टी लागली की मुंबई, ठाणे, भिवंडीकडची कुटुंबं वसईला निघतात. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव, सुरुची या किनाऱ्यांवर दिवस मजेत जातो. डबे संपतात, मुलांचे कपडे ओले होतात आणि मंडळी संध्याकाळची लोकल धरून परत येतात. पण ज्या वाळूवर आपण चटई टाकली तिचा आपल्याशी काय संबंध, हे मुलांना कुणी सांगत नाही. एका दिवसात समुद्रही होईल आणि इतिहासही. तो कसा, ते इथे देत आहोत.

सुरुवात उमेळ्यापासून

वसई रोडऐवजी नायगावला उतरा आणि पश्चिमेकडून रिक्षाने उमेळेमार्गे वसई गावाकडे जा. उमेळे हे काही सहलीचं ठिकाण नाही. आज ते वसई-विरार महानगरपालिकेत आहे आणि आजूबाजूला इमारती वाढल्यात. तरी खाडी आणि मिठागरांचा हा पट्टा बघितला की वसई म्हणजे मुळात खाड्यांनी वेढलेली जमीन, हे लक्षात येतं. खाडीत जहाजांना आसरा मिळायचा, म्हणून इथे बंदर झालं. बंदर झालं म्हणून प्रत्येक सत्तेला वसई हवी होती.

अरबांचं 'सूबारा'

आजचं नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथल्या बौद्ध स्तूपाचं उत्खनन केलं. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यात मिळाला. नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावात सापडला. होय, आपण पिकनिकला जातो तेच भुईगाव.

अरब प्रवासी आणि भूगोलकार सोपाऱ्याला 'सूबारा' म्हणत. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६च्या सुमारास, अल-मसऊदी कोकणात चौलला आला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असं त्याने लिहून ठेवलं. त्या वेळी राज्य हिंदू राजांचं होतं. म्हणजे कोकणातले मुसलमान फक्त फौजांबरोबर आले, हा समज बरोबर नाही. इथे इस्लाम आधी व्यापाऱ्यांच्या गलबतांतून आला आणि शेजाऱ्यांमध्ये रुजला.

१५३४ चा तह आणि हाजींची जहाजं

पोर्तुगीज येण्याआधी वसई गुजरातच्या सुलतानांकडे होती. मलिक अयाजचा मुलगा मलिक तुघान याने इथे तटबंदी उभारली होती. १५३३ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा याने ती जिंकून पाडली. तिकडे हुमायून चाल करून येत होता, त्यामुळे सुलतान बहादूरशाह दोन्हीकडून अडचणीत आला. २३ डिसेंबर १५३४ रोजी तह करून त्याने वसई आणि मुंबईची बेटं पोर्तुगिजांना दिली.

शाळेच्या पुस्तकात ही एक ओळ असते. पण अटी वाचल्या की आपल्याला वेगळंच दिसतं. गुजरातहून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी वसईत परवाना घ्यायचा आणि परतताना इथेच जकात भरायची, अशी अट होती. मक्केचं बंदर जिद्दा तांबड्या समुद्रावरच. व्यापाऱ्यांच्या मालाबरोबर हाजीही याच जहाजांतून जात, म्हणजे हजची वाटसुद्धा परक्याच्या परवान्यात अडकली. वसईच्या उत्पन्नातून मशिदींना मिळणारी रक्कम पुढेही चालू ठेवावी, असंही पोर्तुगिजांशी ठरलं होतं. याचा अर्थ त्या काळी इथे मशिदी होत्या आणि त्यांना नेमणूक होती. खुद्द बहादूरशाह फेब्रुवारी १५३७ मध्ये दीवजवळ पोर्तुगिजांशी झालेल्या झटापटीत मारला गेला.

किल्ल्यात काय बघाल

आज दिसतो तो किल्ला मुख्यतः पोर्तुगिजांचा. आत चर्चचे अवशेष, उंच कमानी आणि थडग्यांवरच्या कोरीव शिळा आहेत. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानमध्ये मारले गेले. भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत म्हणून ते ओळखले जातात. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मराठी फौजेने मोठ्या प्राणहानीनंतर किल्ला घेतला. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली मोठी घंटा वसईच्या विजयाची खूण मानली जाते. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही वसईतच.

किल्ल्यात मंदिरंही आहेत आणि तिथे पूजा होते. चर्चची पडकी वास्तू असो की मंदिर, आपल्या मशिदीबाहेर आपण जशी शिस्त पाळतो तशीच इथेही पाळावी. भिंतींवर नावं कोरू नयेत. हे संरक्षित स्मारक आहे. त्याचं नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

निघण्याआधी हे लक्षात ठेवा

• किल्ला सकाळी बघा, दुपारी जेवण आणि अस्रनंतर किनारा. उन्हात लहान मुलं आणि बुजुर्ग थकतात.
• पाणी, टोपी आणि जानमाज सोबत घ्या. इथून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे, म्हणजे साधारण समुद्राच्या दिशेला येतो.
• मुंबई, ठाणे, भिवंडीहून वसई शरई सफरच्या अंतरात बसत नाही, म्हणून नमाज पूर्ण पढावी. लांबून येणाऱ्यांनी आपल्या आलिमांना विचारून घ्यावं.
• भरती-ओहोटीची वेळ आधी बघा. पावसाळ्यात पाण्यात उतरू नका आणि मुलांना एकटं सोडू नका.
• कचरा पिशवीत भरून परत आणा. पाकी हा ईमानचा भाग आहे, तो घरापुरता नाही.

परतीच्या लोकलमध्ये मुलांना एवढंच विचारा: आज आपण कोणाकोणाच्या खुणा पाहिल्या? बौद्ध, अरब, गुजरातचे सुलतान, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज. एवढ्यांच्या नावांत आपल्या माणसांचंही नाव आहे, हे मुलांना कळलं पाहिजे. आणि ते एकट्याचं नाही, हेसुद्धा.