शर्यतीचा भाव व व्यावसायिक पंटर

घोड्यांच्या शर्यतीत एखाद्या घोड्यावर लावलेल्या पैशाच्या किती पट नफा द्यायचा, हे सांगणारा बुकीचा दर म्हणजे भाव. ‘४ ला १’ या भावाने १०० रुपये लावल्यास ४०० रुपये नफा मिळतो. म्हणजेच पाचांत एक या हिशेबाने बुकीने घोड्याची जिंकण्याची शक्यता २० टक्के धरलेली असते. सर्व घोड्यांच्या अशा टक्क्यांची बेरीज तो १०० च्या वर ठेवतो. हा वरचा भाग त्याचा गाळा.

भाव हलण्याची प्रक्रिया : मुंबईत महालक्ष्मीला (१८८३ पासून) आणि पावसाळी हंगामात पुण्याला रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब शर्यती भरवतो. तेथे परवानाधारक बुकी आणि टोट असे दोन मार्ग असतात. व्यावसायिक पंटर, म्हणजे पैसे लावणे हाच व्यवसाय असलेला माणूस, घोड्याची कामगिरी, पाठीवरचे वजन, जॉकी आणि पहाटेचा सराव यांवरून स्वतःचा अंदाज बांधतो. वरील घोड्याची शक्यता त्याच्या मते २५ टक्के असेल, तर ४ ला १ हा भाव त्याला फायद्याचा ठरतो. त्याचे पैसे पडताच बुकी भाव ३ ला १ वर आणतो आणि इतर घोड्यांचे भाव चढवतो. रकमेइतकेच ती कोणी लावली यालाही महत्त्व असते. म्हणून जाणते पंटर दुसऱ्यांच्या हातून पैसे लावतात, तर बुकी त्यांच्या रकमेवर मर्यादा घालतात किंवा जोखीम दुसऱ्या बुकीकडे उतरवतात.

टोट : येथे जमा रकमेतून कर व कमिशन वजा करून उरलेले पैसे विजेत्यांत वाटले जातात. मोठी रक्कम लावणारा स्वतःचाच परतावा घटवतो. त्यामुळे तो अनेकदा शेवटच्या क्षणापर्यंत थांबतो. बिल बेंटर व अॅलन वुड्स यांनी १९८० च्या दशकात हाँगकाँगमध्ये संगणकी गणिताने घोड्यांच्या शक्यता काढून टोटवर पैसे लावले.

मटका : याउलट कल्याणजी भगत व रतन खत्री यांच्या नावाशी जोडलेल्या मुंबईच्या मटक्यात आकडा नशिबाने निघतो आणि देणे ठरलेल्या पटीने होते. त्यामुळे अभ्यासाने हलेल असा भावच तेथे नसतो.

कायदा : मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ मध्ये झाला. घोड्यांची शर्यत प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये लक्ष्मणन खटल्यात दिला. क्रिकेटवरील सट्टा बेकायदेशीर असला, तरी त्याचे पैशांत बोलले जाणारे भावही असेच हलतात. मात्र भाव हलवणारा पैसा अभ्यासातून आला की फिक्सिंगमधून, हे भावावरून कळत नाही. रेसकोर्सवर संशयास्पद शर्यतीची चौकशी स्ट्युअर्ड, म्हणजे शर्यतीवर देखरेख करणारे अधिकारी, करतात; चोरट्या सट्ट्यात पैसे लावणाऱ्याला अशी दाद मागता येत नाही.