टॅमलपायस पर्वत व तेथील सायकलवाटा

टॅमलपायस पर्वत : अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील मरिन काउंटीत, सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस, गोल्डन गेट सामुद्रधुनीपलीकडे असलेला वनाच्छादित पर्वत. पूर्व शिखर (७८४ मी.) हे आज त्याचे सर्वोच्च टोक आहे. पूर्वी हा मान पश्चिम शिखराकडे होता. १९५० च्या सुमारास तेथे हवाई दलाचे रडार केंद्र उभारण्यासाठी माथा सपाट करण्यात आला आणि शिखराची उंची घटली. नाव कोस्ट मिवोक या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेले आहे. स्थानिक लोक नुसते ‘टॅम’ म्हणतात. माउंटन बायकिंग हा क्रीडाप्रकार ज्या मोजक्या ठिकाणी घडला त्यांत टॅम आणि त्याच्या उत्तरेकडील डोंगररांग यांचे नाव प्रथम घेतले जाते.

पर्वत ज्वालामुखीजन्य नाही. पश्चिम पायथ्याजवळून सॅन अँड्रियास भ्रंश जातो आणि खडक फ्रान्सिस्कन संघाचे, त्यात जागोजाग हिरवट सर्पेंटाइन. या सर्पेंटाइनच्या नापीक मातीत खुरटे सार्जंट सायप्रस आणि टॅमलपायस मॅन्झनिटासारखी, जगात इतरत्र क्वचितच आढळणारी झुडपे तग धरतात. समुद्राकडच्या ओलसर घळ्यांत रेडवुडचे उंच वृक्ष, मधल्या उतारांवर ओक, बे लॉरेल व डग्लस फर, वर चॅपरल झुडुपरान आणि उघडे गवताळ कडे अशी वनश्री एका दुपारच्या चढात बदलत जाते. पाऊस हिवाळ्यात पडतो. उन्हाळा कोरडा असला तरी समुद्रावरचे धुके दरीत शिरते आणि रेडवुडना ओल पुरवते. पायथा धुक्यात व माथा कडक उन्हात, हे येथील नेहमीचे दृश्य.

पर्वताची मालकी एकाची नाही. दक्षिण व पश्चिम उतारांवर सुमारे २,५०० हेक्टरांचे राज्य उद्यान आहे. त्याच्या कुशीत म्युअर वुड्स हे १९०८ मध्ये घोषित झालेले राष्ट्रीय स्मारक आहे. उत्तर उतार आणि तेथील जलाशय मरिनच्या जलसंस्थेकडे (स्थापना १९१२), तर कडेचे डोंगर काउंटीच्या मोकळ्या भूमीत किंवा राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्रात येतात. सायकलस्वाराला ही वाटणी पाठ असावी लागते; एका फेरीत तीन सीमा ओलांडल्या जातात आणि प्रत्येक ठिकाणी नियमांचा फलक निराळा असतो.

येथील सायकलवाटांबद्दल पहिली लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे मुख्य वाटांपैकी एकही सायकलसाठी काढलेली नाही. सर्वांत प्रसिद्ध वाट, ओल्ड रेलरोड ग्रेड, ही मोडीत निघालेल्या रेल्वेचा मार्ग आहे. मिल व्हॅली गावापासून माथ्याजवळच्या उपाहारगृहापर्यंत सुमारे १३ किमी. लांबीची ही रेल्वे १८९६ मध्ये सहा-सात महिन्यांत बांधून झाली. मार्गावर २८१ वळणे होती व ‘जगातील सर्वांत वाकडी रेल्वे’ अशी तिची जाहिरात केली जाई. दातेरी चाकांनी शक्ती पोचवणाऱ्या संथ इंजिनांना शंभराला सातपेक्षा जास्त चढ द्यायचा नाही, हे बंधन आखणी करणाऱ्यांनी पाळले. एका जागी उंची मिळवण्यासाठी रूळ स्वतःवरच इतक्यांदा वळवले होते की थोड्याशा अंतरात त्यांच्या पाच समांतर रांगा दिसत. त्या जागेला डबल बो नॉट म्हणतात. उतरताना इंजिनाची गरजच नसे. १९०७ पासून प्रवासी डबे केवळ ब्रेकच्या आधारे, गुरुत्वाकर्षणाने म्युअर वुड्सपर्यंत घसरत जात. अशा डब्याची एक प्रतिकृती पूर्व शिखराजवळच्या छोट्या संग्रहालयात ठेवलेली आहे. माथ्यापर्यंत मोटाररस्ता झाल्यावर प्रवासी ओसरले, १९२९ च्या वणव्याने मिल व्हॅलीतील शंभरावर घरांसह रेल्वेचेही नुकसान केले आणि १९३० मध्ये रेल्वे बंद होऊन रूळ उखडले गेले.

इंजिनाला झेपेल तो चढ माणसाच्या पायांनाही झेपतो. म्हणूनच ही वाट आजही शिकाऊ व मुरलेल्या अशा दोघांना चालते. तिच्यावर दमछाक होते, पण सायकल हातात धरून चालण्याची वेळ सहसा येत नाही. अर्ध्याहून अधिक चढ संपल्यावर वेस्ट पॉइंट इन ही १९०४ ची लाकडी सराई लागते. पूर्वी बोलिनासकडे जाणारे प्रवासी येथे गाडीतून उतरून घोडागाडीत बसत. सराईपर्यंत मोटार नेता येत नाही, त्यामुळे पाहुणे चालत किंवा सायकलने येतात. तिच्या ओसरीवरून उपसागर आणि सॅन फ्रान्सिस्को दिसते.

पूर्वेकडील एल्ड्रिज ग्रेड ही १८८४ ची, घोडागाड्यांसाठी खोदलेली वाट. तीही माथ्याकडे जाते, पण वरच्या भागात सुटे दगड इतके आहेत की उतरणाऱ्याचे मनगट बोलू लागते. उरलेल्या बहुतेक वाटा म्हणजे वणव्याला तोंड देण्यासाठी काढलेल्या जाळरेषा व कच्चे रस्ते होत. पाण्याचा बंब जाईल एवढे ते रुंद. लॅगुनिटास, बॉन टेम्प, अल्पाइन या जलाशयांभोवतालचे रस्ते, हू-कू-ई-कू रस्ता, बोलिनासच्या कण्यावरून जाणारा लांब रस्ता हे सारे याच जातीचे. आग विझवण्यासाठी जे रुंदीकरण झाले त्यानेच पुढे वेगवान उताराचे आमिष निर्माण केले.

ते आमिष १९७० च्या दशकात मरिनमधील काही तरुणांनी घेतले. त्यांतले बरेचसे रस्त्यावरच्या शर्यती करणारे होते. त्यांनी भंगारातून १९३०-४० च्या दशकांतील श्विन कंपनीच्या रुंद टायरच्या जड सायकली मिळवल्या. या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे आणि पॅडल उलटे दाबले की लागे. टॅमच्या उत्तरेस, फेअरफॅक्सजवळच्या पाइन माउंटनवर एक कच्चा रस्ता सुमारे ३.४ किमी. अंतरात ४०० मी. खाली येतो. तो उतरताना तुंबा एवढा तापे की आतले ग्रीस धूर होऊन निघून जाई आणि पुन्हा भरावे लागे. रिपॅक हे त्या रस्त्याचे नाव या नव्याने भरण्यावरूनच पडले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी येथे पहिली वेळमापन शर्यत झाली. चार्ली केली हे मुख्य आयोजक होते आणि पहिली फेरी ॲलन बॉन्ड्स यांनी जिंकली. पुढील काही वर्षांच्या शर्यतींत जो ब्रीझ सर्वाधिक वेळा जिंकले, मात्र विक्रम गॅरी फिशर यांचा राहिला : ४ मिनिटे २२ सेकंद. स्त्रियांमधील विक्रम वेंडी क्रॅग यांचा. त्या काळाची जी छायाचित्रे आज सर्वत्र दिसतात त्यांतली बहुतेक त्यांनीच काढलेली.

टॅमला या खेळाची एकमेव जन्मभूमी म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे ठरेल. जाड टायरच्या सायकलीला गिअर बसवण्याची युक्ती मरिनकरांनी डिसेंबर १९७४ मध्ये मिल व्हॅलीत झालेल्या एका सायक्लोक्रॉस शर्यतीत पाहिली, आणि ती घेऊन आलेली टोळी दक्षिणेकडच्या कूपर्टिनोची होती. कोलोरॅडोतील क्रेस्टेड ब्यूट येथेही १९७६ मध्ये लोक अशाच सायकलींवरून उंच खिंड ओलांडत होते. मरिनचे खरे वेगळेपण कारागिरीत आहे. जुन्या सांगाड्यांची मोडतोड पाहून ब्रीझ यांनी १९७७ मध्ये याच कामासाठी नवा पोलादी सांगाडा घडवला. १९७९ मध्ये फिशर व केली यांनी टॉम रिची यांनी बनवलेले सांगाडे ‘माउंटनबाइक्स’ या नावाने विकायला सुरुवात केली. ते नाव स्वतःपुरते राखून ठेवणे त्यांना जमले नाही, आणि खेळाच्या दृष्टीने ते बरेच झाले. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजंपर बाजारात आली व ही सायकल कारखान्यातून जगभर गेली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये खेळाला स्थान मिळाले.

तोवर टॅमवर मात्र दारे मिटली होती. वाढत्या गर्दीमुळे पायी फिरणारे व घोडेस्वार यांच्या तक्रारी वाढल्या आणि १९८० च्या दशकात अरुंद पायवाटा सायकलींना वर्ज्य असल्याचा नियम कडकपणे राबवला जाऊ लागला. रस्त्यांवरही ताशी २४ किमी.ची मर्यादा आहे. आंधळ्या वळणावर आणि कोणाला ओलांडताना ती ८ किमी.वर येते. उद्यानरक्षक रडारबंदूक घेऊन उभे राहिल्याच्या कथा येथे चवीने सांगितल्या जातात. फिशर यांच्या विक्रमाचा सरासरी वेग ताशी ४६ किमी.च्या आसपास भरतो. म्हणजे नियम पाळून तो मोडणे अशक्यच.

बंदीमागे केवळ चालणाऱ्यांचा त्रास नाही. रेडवुड क्रीक व लॅगुनिटास क्रीक या ओढ्यांत कोहो सॅमन आणि स्टीलहेड मासे अंडी घालतात व वाटांवरून धुपून आलेला गाळ त्यांच्या विणीच्या खडीत बसतो. १९९० च्या दशकात याच परिसरात ओकवर्गीय झाडे झपाट्याने वाळू लागली. त्यास कारण असलेला बुरशीसदृश जीव बुटांच्या व टायरच्या चिखलातून पसरू शकतो, म्हणून पावसाळी फेरीनंतर चाके धुण्यास सांगितले जाते. चालणाऱ्यांचे आक्षेप चर्चेने मिटू शकतात. गाळाचा आक्षेप वाटेची आखणी बदलल्याशिवाय मिटत नाही. डायस रिज ही वाट अशीच धूप कमी होईल अशा रीतीने नव्याने आखण्यात आली व ती सायकलींना खुली आहे. कोस्ट व्ह्यू ही राज्य उद्यानातील आणखी एक खुली अरुंद वाट, समुद्र समोर ठेवून जाणारी. फेअरफॅक्सजवळ स्काउट संघटनेच्या टॅमरँचो शिबिरभूमीवर पास काढून अरुंद वळणावळणाच्या वाटेवर जाता येते. २०२४ मध्ये जलसंस्थेच्या मंडळाने काही पायवाटा प्रयोगादाखल खुल्या करण्याचे ठरवले, तेव्हा पर्यावरणवादी संस्थांनी न्यायालयात धाव घेतली.

पर्वताशी भारताचा ओझरता संबंध सायकलीशी निगडित नसला तरी नोंदण्याजोगा आहे. भारतात फिरून आलेले गॅरी स्नायडर व ॲलन गिन्सबर्ग हे कवी आणि त्यांचे मित्र फिलिप व्हेलन यांनी ऑक्टोबर १९६५ मध्ये, ठिकठिकाणी थांबून मंत्र म्हणत, टॅमला पायी प्रदक्षिणा घातली. प्रदक्षिणेचा हा प्रघात पुढेही चालू राहिला.

सायकलीने जाण्यास वसंत ऋतू व पावसापूर्वीचा शरद ऋतू सोयीचे. शरदात वणव्याचा धोका वाढला की वाटा बंद होऊ शकतात. कडेच्या झुडपांत पॉयझन ओक सर्वत्र आहे. त्याच्या पानांच्या स्पर्शाने अंगावर खाज व फोड उठतात. सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पुलावरून (१९३७) सायकलने सॉसलिटोमार्गे मिल व्हॅलीला येता येते. फेअरफॅक्समध्ये २०१५ मध्ये सायकल संग्रहालय सुरू झाले असून या खेळातील मान्यवरांचे सन्मानदालन क्रेस्टेड ब्यूटहून तेथे हलवण्यात आले. ब्रीझ यांची पहिली सायकल मात्र वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहे.