शहागडच्या वाटेवर अमीर अली
छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाणारा रस्ता शहागडला गोदावरी ओलांडतो. निजामाच्या चाकरीत दीर्घकाळ राहिलेल्या मेडोज टेलरची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (१८३९) आम्ही हाती घेतली, ती अशा जुन्या वाटांवरची माणसे भेटतील म्हणून. भेटला तो अमीर अली. वाटसरू येतात ते बहुधा रुमालाने गळा आवळला जाण्यापुरते. निराशेचे खरे कारण मात्र निराळे. अमीर अली माफीचा साक्षीदार आहे, साहेबापुढे बोलतो आहे. १८३६च्या कायद्याने तर नुसते ठगांच्या टोळीत असणेही जन्मठेपेस पुरेसे ठरवले होते. अशा जबानीचा पाया कादंबरीकाराने तपासू नये? सातशेहून अधिक खुनांचा हिशेब साहेब ऐकत राहतो आणि, कबूल करतो, आम्हीही पाने उलटत राहतो.