हुकूम मोडणारा पोटमाळा

साल १९७५. स्वित्झर्लंडच्या ज्युरा डोंगरातलं, फ्रान्सच्या सीमेला खेटलेलं ल लोक्ल हे गाव. दिवसपाळी सुटली आहे आणि तुम्ही झेनिथच्या कारखान्यात शिरला आहात. यंत्रांच्या तेलाचा वास नाकात भरतो. बरीचशी बाकं रिकामी दिसतात.

शिकागोहून हुकूम आला आहे. या कारखान्याची मालकी आता एका अमेरिकी रेडिओ-टीव्ही कंपनीकडे आहे. योगायोगाने तिचंही नाव झेनिथच. २५ डिसेंबर १९६९ला टोकियोत सेइकोने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं, आणि तेव्हापासून चाकं-स्प्रिंगांच्या घड्याळांना उतरती कळा लागली. म्हणून मालकांचा निर्णय झाला : यांत्रिक घड्याळं बंद, अवजारं भंगारात.

भंगारात नेमकं काय निघालंय, ते हातात घेऊन पाहा. बाकावरचं ते घड्याळ उचला, कानाला लावा. टिकटिक मोजता येत नाही ना? सेकंदाला दहा ठोके, तासाला ३६,०००. त्यामुळे क्रोनोग्राफचा, म्हणजे घड्याळातल्या स्टॉपवॉचचा, काटा सेकंदाच्या दहाव्या भागावर थांबवता येतो. वरची कळ दाबा : काटा सुटला. पुन्हा दाबा : थांबला. खालची दाबा : झटक्यात शून्यावर. कळ दाबताना बोटाला जाणवलेला तो स्वच्छ 'खट' आतल्या कॉलम व्हीलचा. कोणत्या तरफेने उठायचं आणि कोणत्या तरफेने बसायचं, हे ते खांबांचं चाक ठरवतं. मनगटाच्या हालचालीवर आपोआप चावी भरून घेणारी ही सगळी यंत्रणा जेमतेम ६.५ मिलिमीटर जाडीची आहे. १० जानेवारी १९६९ रोजी ती जगापुढे आली, तेव्हा तिचं नाव ठेवलं होतं एल प्रिमेरो.

जिन्यावर पावलं वाजतात. हा चार्ल्स वेर्मो, इथला फोरमन. निर्णय मागे घ्या, म्हणून त्याने मालकांना पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. आता तो पत्र लिहीत नाही, खोकी उचलतो. एक खोकं तुम्हीही घ्या. जड आहे, आत पोलादी कॅम आहेत. कापणारं हत्यार किती आत जाईल, कुठे वळेल, हे कॅमच्या कडेचा आकार ठरवतो. तो आकार हरवला, तर सुटा भाग पुन्हा तसाच कापता येत नाही.

वर पोटमाळ्यावर पोहोचलात की त्याचं काम नीट पाहा. प्रत्येक नगावर चिठ्ठी. कोणता साचा कुठल्या प्रेसचा, कोणतं हत्यार कुठल्या भागासाठी, सगळं लिहून ठेवलेलं. लपवणं कुणालाही जमलं असतं. पण बिनचिठ्ठीचं लोखंड दहा वर्षांनी भंगारच ठरलं असतं. वेर्मो घड्याळं वाचवत नाहीये. घड्याळ पुन्हा करता येईल, एवढी सोय तो वाचवतोय. कुणाला कळलं तर नोकरी जाईल, हे त्याला ठाऊक आहे.

आता वर्षं भराभर मागे टाका. १९७८ : कारखाना पुन्हा स्विस हातांत. १९८४ : पोटमाळ्यावरची अवजारं खाली उतरतात, एल प्रिमेरो पुन्हा बनू लागतं. १९८८ : खुद्द रोलेक्स आपल्या स्वयंचलित डेटोनासाठी हेच यंत्र निवडते, त्यात पुष्कळ फेरफार करून त्याचा वेग तासाला २८,८०० ठोक्यांवर आणते.

आणि आज तुम्ही संग्राहक आहात. टेबलावर दोन घड्याळं आहेत, डोळ्याला भिंग लावा. पहिलं एल प्रिमेरो यंत्राचंच, १९६९चं झेनिथ ए३८६ : एकमेकींवर चढलेल्या तीन छोट्या तबकड्या, फिकट राखाडी, गडद राखाडी आणि निळी. केसच्या कडा अजून धारदार आहेत का, की पॉलिश करून करून गोल झाल्यात? काट्यांवरचा आणि खुणांवरचा चमकणारा लेप सारखाच पिवळा पडलाय का? एकच पिवळा, दुसरा पांढरा असेल, तर काटे बदललेले असण्याचा संशय घ्या. दुसरं त्या १९८८च्या पिढीतलं डेटोना. त्याचीही अशीच तपासणी करा.

दोन्हींसाठी लोक भरपूर पैसे मोजतात, पण कारणं वेगळी आहेत. ए३८६ दुर्मीळ आहे, कारण ते मोजकंच बनलं. हे डेटोना घडलं, कारण एका फोरमनने शिकागोचा हुकूम मोडला. बोली लावताना पहिल्याची किंमत बाजार सांगेल. दुसऱ्यात वेर्मोचा वाटा किती, हे मात्र कुठल्याच लिलावाच्या पावतीवर लिहिलेलं नसतं.