बिनतारी कोल्ह्याची शिकार

शिकार म्हटली कीं बंदूक, कुत्रीं, हाकारे आणि जीव मुठींत धरून पळणारें सावज हें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु युरोपांतील अरण्यांत विसाव्या शतकाच्या मध्यापासून एक निराळीच शिकार चालत आलेली आहे. तींत रक्ताचा थेंबहि सांडत नाहीं. तिच्या सावजास ‘कोल्हा’ असें म्हणतात. पण हा कोल्हा म्हणजे झाडोऱ्यांत दडवून ठेवलेली एक लहानशी बिनतारी प्रक्षेपक पेटी. शिकाऱ्याच्या एका हातीं छोटें ग्राहक यंत्र, दुसऱ्या हातीं नकाशा व होकायंत्र, आणि कानांवर श्रवणिका, एवढेंच त्याचें साहित्य. स्वीडन व रशिया या दोन्ही देशांत या खेळाचें लौकिक नांव ‘कोल्ह्याची शिकार’ असेंच आहे. शास्त्रीय नांव मात्र ‘हौशी बिनतारी दिशाशोधन’.

खेळ निरुपद्रवी आहे. पण ज्या विद्येवर तो उभारलेला आहे ती विद्या तशी नाहीं. तिनें आरमारें बंदराबाहेर काढलीं, पाणबुड्या बुडविल्या आणि कित्येक शूर माणसांच्या दारापर्यंत शत्रूला नेऊन पोंचविलें. त्यांपैकीं एक दार मुंबईंत गिरगांवांत होतें. म्हणून या खेळाचा इतिहास सांगतांना त्या विद्येचा इतिहास टाळतां येत नाहीं.

मूळ तत्त्व अगदीं साधें आहे. तारेचें एक वेटोळें घेऊन तें ग्राहक यंत्राला जोडावें आणि उभें धरून हळूहळू फिरवावें. वेटोळ्याची कड प्रक्षेपकाच्या दिशेला आली कीं आवाज मोठा होतो. वेटोळें त्याच्याकडे पसरट बाजूनें उभें राहिलें कीं आवाज जवळजवळ नाहींसा होतो. येथें गंमत अशी, कीं मोठा आवाज पुष्कळ अंशांपर्यंत सारखाच मोठा वाटतो, म्हणून त्यावरून दिशा नेमकी ठरत नाहीं. उलट आवाज बुडण्याची जागा मात्र अतिशय बारीक असते. म्हणून कुशल शोधक आवाज शोधीत नाहीं. तो शांतता शोधतो. जेथें कांहीं ऐकूं येत नाहीं, ती रेषा त्याला मार्ग दाखविते. मात्र या रेषेला दोन टोकें असतात, आणि प्रक्षेपक पुढें आहे कीं मागें, हें एकट्या वेटोळ्याला सांगतां येत नाहीं. त्यासाठीं एका उभ्या तारेची जोड द्यावी लागते. मग दोन निरनिराळ्या ठिकाणांहून अशा दोन रेषा नकाशावर काढल्या, कीं त्या जेथें एकमेकींस छेदतात तेथें सावज असतें.

इटलींतील बेलिनी व तोसी या दोघांनीं या तत्त्वाला १९०७ च्या सुमारास व्यवहार्य रूप दिलें. मोठाल्या तारा प्रत्यक्ष फिरविण्याऐवजीं एकमेकींशीं काटकोनांत उभारलेल्या दोन स्थिर वेटोळ्यांमधून येणारा प्रवाह त्यांनीं एका लहान यंत्रांत नेला व तेथेंच दिशा काढण्याची सोय केली. पुढें त्यांच्या योजनेचे हक्क मार्कोनी कंपनीनें विकत घेतले. त्याच कंपनींतील कॅप्टन एच. जे. राउंड यांनीं पहिल्या महायुद्धांत इंग्लंडच्या किनाऱ्यावर दिशाशोधक केंद्रांची मालिका उभारली. १९१६ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस, विल्हेल्म्सहाफेन येथें नांगरलेल्या जर्मन जहाजांचे बिनतारी आवाज ऐकतांना या केंद्रांना दिशाकोनांत सुमारें दीड अंशाचा फरक आढळून आला. दीड अंश म्हणजे घड्याळाच्या मिनिटकांट्याच्या पंधरा सेकंदांइतकी हालचाल! पण तेवढ्यावरून शत्रूचीं जहाजें कित्येक मैल सरकून बंदराबाहेर निघालीं आहेत, असें अनुमान निघालें. ब्रिटिश आरमार समुद्रांत उतरलें, आणि ३१ मे १९१६ रोजीं जटलंडचें प्रचंड आरमारी युद्ध झालें. या निरीक्षणाचा आरमार हलविण्याच्या निर्णयांत वांटा होता, असें त्या वेळचे नौदलप्रमुख सर हेन्री जॅक्सन यांनीं पुढें सांगितलें आहे.

या यंत्रांत एक उणीव होती. रात्रीच्या वेळीं वातावरणाच्या वरच्या थरांवरून परत फिरून येणाऱ्या लहरी वेटोळ्याला फसवीत आणि दिशा चुकत असे. फ्रँक अ‍ॅडकॉक यांनीं १९१९ सालीं वेटोळ्यांच्या जागीं उभ्या एरियलांची योजना करून हा दोष पुष्कळसा घालविला. दुसऱ्या महायुद्धांत अटलांटिक महासागरांतील जर्मन पाणबुड्यांना ही सुधारलेली विद्या फार भोंवली. पाणबुडीनें किनाऱ्याकडे दोन शब्दांचा संदेश पाठवावा, आणि तेवढ्याच अवकाशांत ब्रिटिश जहाजावरील यंत्राच्या पडद्यावर तिची दिशा उमटावी, असें घडूं लागलें. जी बोलली ती सांपडली.

समुद्रावर हा नियम लागू झाला, तसाच तो शहरांतहि झाला. जर्मनव्याप्त युरोपांत गुप्तपणें संदेश पाठविणाऱ्यांच्या मागावर दिशाशोधक मोटारी फिरत. १९४१ च्या डिसेंबरांत ब्रुसेल्स येथील एका घरावर रात्रीं जो छापा पडला, तो अशाच शोधाचा परिणाम होता. मोटारी रस्त्यापर्यंत नेऊन सोडीत; पुढें घर शोधण्यासाठीं कोटाखालीं कमरेला यंत्र बांधलेलीं माणसें पायीं हिंडत. एकेका मोहल्ल्याची वीज बंद करून आवाज केव्हां थांबतो हें पाहावयाचें, अशीहि युक्ति योजीत. म्हणून संदेश पाठविणाऱ्यानें थोडें बोलावें, लवकर थांबावें आणि पुन्हां त्याच जागीं बसूं नये, हा धडा जिवावर उदार होऊनच शिकावा लागे. बडोद्यास जन्मलेले गायक व सूफी उपदेशक इनायत खान यांची कन्या नूर हिनें १९४३ च्या उन्हाळ्यापासून पॅरिसमध्यें घरें बदलीत बदलीत हें काम चालविलें. त्या ऑक्टोबरांत ती पकडली गेली, आणि १९४४ च्या सप्टेंबरांत डाखाऊ येथील छळछावणींत तिचा अंत झाला. तिला यंत्रानें शोधलें नाहीं. माणसानें दाखवून दिलें.

त्यापूर्वीं एक वर्ष मुंबईंत जवळजवळ हाच प्रसंग घडला होता. ऑगस्ट १९४२ मध्यें ‘चले जाव’चा ठराव झाला, पुढारी तुरुंगांत गेले आणि वर्तमानपत्रांचीं तोंडें बंद झालीं. तेव्हां बावीस वर्षांची विद्यार्थिनी उषा मेहता व तिचे सोबती यांनीं ४२.३४ मीटर लहरीवर गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. २७ ऑगस्ट रोजीं त्याचा आवाज प्रथम उमटला. आपलें केंद्र हिंदुस्थानांत ‘कोठें तरी’ आहे, एवढेंच तो सांगे. खरें म्हणजे तें मुंबईंतच एका बिऱ्हाडांतून दुसऱ्या बिऱ्हाडांत हलत असे, कारण पोलिसांच्या दिशाशोधक मोटारी त्याच्या पाठीवर होत्या. मोटारी वर्तुळ लहान करीत आणीत, आणि वर्तुळ लहान झालें कीं बिऱ्हाड बदले. जवळजवळ अडीच महिने हा पाठलाग चालला. शेवटीं एका तंत्रज्ञाकडून पोलिसांना ठिकाण कळलें आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं गिरगांवांतील पारेखवाडींत छापा पडला. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली व त्यांची रवानगी येरवड्यास झाली. येथेंहि यंत्रानें अंतर कमी केलें, पण दार उघडलें तें माणसानें.

युद्धकाळांत हौशी बिनतारीवाल्यांची स्थिति चमत्कारिक होती. १९३९ सालीं युद्ध सुरू होतांच इंग्लंडांत व हिंदुस्थानांत त्यांच्या प्रक्षेपणावर बंदी आली. मात्र त्यांचे तयार कान सरकारला हवे होते. इंग्लंडांतील अनेक हौशी मंडळींनीं आपापल्या घरीं बसून शत्रूच्या हेरांचे क्षीण आवाज टिपण्याचें काम गुप्तपणें केलें. शांतता झाल्यावर बंदी उठली, आणि माग काढण्याची ही कला हौशी माणसांच्या हातीं खेळ होऊन परत आली.

उत्तर युरोपांत या खेळाला अनुकूल भूमि आधींच तयार होती. नकाशा व होकायंत्र घेऊन रानांतील ठराविक खुणा गांठण्याची शर्यत नॉर्वेमध्यें १८९७ पासून सार्वजनिक रीत्या होत असे. पहिल्या महायुद्धानंतर स्वीडनच्या अर्न्स्ट किलांडर यांनीं तिला तरुणांत लोकप्रिय केलें. या शर्यतीला बिनतारीची जोड मिळाली, आणि नकाशावरील खुणेच्या जागीं नकाशावर नसलेला आवाज आला. १९६१ सालीं स्टॉकहोम येथें युरोपांतील पहिली अजिंक्यपदाची स्पर्धा झाली. पहिली जागतिक स्पर्धा १९८० सालीं पोलंडमधील सेत्निएवो येथें भरली. तींत युरोप व आशिया मिळून अकरा देश उतरले होते. सोव्हिएट रशियांत व चीनमध्यें सरकारी संस्थांनीं या खेळाला भरपूर आश्रय दिला. रशियांत ‘दोसाफ’ ही संरक्षणसाहाय्यक संस्था त्याचा पुरस्कार करी. नकाशा वाचणारा, रानांत न हरपणारा व बिनतारीचा माग काढणारा तरुण उद्यां सैनिक म्हणून उपयोगी पडेल, हा त्यांतील हिशेब उघड होता. खेळावरील युद्धाची सावली एकदम सरली नव्हती.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे नियम पाहण्यासारखे आहेत. रानांत पांच कोल्हे लपविलेले असतात. पांचहि एकाच लहरीवर बोलतात, पण पाळीपाळीनें: प्रत्येकानें एक मिनिट मोर्सच्या कट्ट-कडकट्टांत आपली ओळख सांगावी आणि चार मिनिटें गप्प बसावें. सुरुवातीच्या जागेपासून निदान ७५० मीटरांच्या आंत कोल्हा नसतो. दोन कोल्ह्यांत निदान ४०० मीटर अंतर असतें. स्पर्धा दोन प्रकारच्या लहरींवर होते, एक ८० मीटरांची व दुसरी २ मीटरांची. कोल्ह्याजवळ पांढरी-नारिंगी खूण असते. तेथें पोंचल्याची नोंद करावयाची आणि पुढच्याच्या मागें लागावयाचें. वय व स्त्री-पुरुष भेद पाहून गट पाडतात, आणि गटाप्रमाणें शोधावयाच्या कोल्ह्यांची संख्या ठरते. साठी-सत्तरी ओलांडलेल्यांसाठींहि निराळे गट असतात. ज्यानें नेमलेले अधिक कोल्हे शोधले तो वरचढ. संख्या सारखी असेल तरच वेळ मोजतात. ठरलेली मुदत ओलांडली कीं मात्र सारी मेहनत वायां जाते.

यावरून केवळ पायांच्या बळावर येथें कां जिंकतां येत नाहीं, हें ध्यानांत येईल. पहिल्या पांच मिनिटांत पांचहि आवाजांच्या दिशा नकाशावर उतरवून कोणता कोल्हा आधीं गांठावा व कोणता शेवटीं, हें ठरवावें लागतें. क्रम चुकला तर वेगवान धावणाराहि तेंच रान दोनदां तुडवितो. कोल्ह्याच्या जवळ जाऊन पोंचावें, आणि नेमकें त्याचें मिनिट संपावें! मग चार मिनिटें तेथेंच थांबावें, कीं शेवटच्या रेषेवर विश्वास ठेवून झाडींत शिरावें, याचा निर्णय एकट्यानेंच करावयाचा. दोन मीटरांच्या लहरीवर तर टेकड्या व कडे आवाज परतवून देतात, आणि कोल्हा समोरच्या डोंगरांतून बोलत आहे असा भास होतो. अशा वेळीं जाणता शिकारी थोडा बाजूला सरकून पुन्हां ऐकतो. खरा कोल्हा आपली जागा सोडीत नाहीं. प्रतिध्वनि मात्र ऐकणाऱ्याबरोबर सरकतो.

ही कला आज खेळापुरतीच उरलेली नाहीं. संकटांत सांपडलेल्या विमानाच्या साहाय्ययाचक यंत्राचा आवाज याच रीतीनें शोधतात. गळ्यांत बिनतारी पट्टा बांधलेल्या वाघाचा माग काढणारा अभ्यासक हातीं जें दांडीदांडींचें एरियल फिरवितो, तें जपानच्या यागी व उदा या शास्त्रज्ञांच्या १९२६ च्या सुमाराच्या संशोधनाचें फळ. दोन मीटरांच्या स्पर्धेंतील खेळाडूच्या हातींहि तेंच असतें.

विद्या तीच, यंत्र तेंच आणि रेषाहि त्याच. फरक पडतो तो रेषेच्या टोकाला कोण आहे यानें. ब्रुसेल्समध्यें, पॅरिसमध्यें आणि गिरगांवांत त्या टोकाला एक जागतें माणूस होतें, आणि आवाज सांपडणें म्हणजे त्याचें स्वातंत्र्य किंवा प्राण जाणें होतें. रानांतील खेळांत त्या टोकाला एक पेटी असते, आणि ती सांपडली कीं दोन्ही पक्षांना आनंद होतो. ज्यांनीं ती लपविली तेच संध्याकाळीं शिकाऱ्यांना कोणत्या झुडपाशीं चकविलें तें हंसत सांगतात. एकेकाळीं माणसें धरण्यासाठीं तयार झालेली विद्या मुलांच्या, स्त्रियांच्या व वृद्धांच्या हातीं अशा निर्वैर रूपानें यावी, यांत त्या काळच्या लपलेल्या आवाजांनाहि थोडा न्याय मिळाला आहे असें म्हणावयास हरकत नाहीं.