रोमच्या वाटेवरील दांपत्यें

ख्रिस्ती यूरोपांत रोमची यात्रा पायीं करण्याची प्रथा फार जुनी आहे. इंग्लंड व फ्रान्स या देशांकडून येणारे यात्रेकरू आल्प्स पर्वत ओलांडून ज्या वाटेनें रोमला जात, तिला इटलींत 'व्हिया फ्रांचिजेना', म्हणजे फ्रँक लोकांच्या देशांतून येणारी वाट, असें म्हणतात. इ. स. ८७६ च्या एका दस्तऐवजांत हें नांव आढळतें. कँटरबरीचा महाधर्माध्यक्ष सिजेरिक हा ९९० मध्यें पोपकडून आपलें अधिकारवस्त्र घेण्यासाठीं रोमला गेला होता. परतीच्या प्रवासांतील त्याच्या ७९ मुक्कामांची यादी सुदैवानें शिल्लक राहिली आहे, आणि तिच्याच आधारें ही वाट आज आंखतां येते.

सुमारें ८,१०० फूट उंचीच्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडींतून ही वाट इटलींत उतरते. आओस्ताचें खोरें, वर्चेल्लीचीं भातखाचरें आणि पाव्हिया नगर मागें टाकून ती पो नदी ओलांडते. पुढें चीझा खिंडींतून अपेनाइन पर्वत पार करून लुक्का, सिएना, व्हितेर्बो अशीं शहरें घेत रोमला पोंचते. शेवटच्या टेकडीवरून सेंट पीटरचें मंदिर प्रथम दृष्टीस पडे, म्हणून यात्रेकरूंनीं तिला 'आनंदाची टेकडी' असें नांव दिलें होतें.

या वाटेनें एकट्या स्त्रीनें जाणें मोठें धोक्याचें होतें. जर्मनींत धर्मप्रसार करणारा इंग्रज साधु बोनिफस यानें ७४७ मध्यें कँटरबरीच्या महाधर्माध्यक्षास पत्र लिहून, स्त्रियांच्या वारंवार होणाऱ्या रोमयात्रांस बंदी घालावी, अशी विनंती केली. त्यांपैकीं पुष्कळ जणी वाटेंतच नाश पावतात, अशी त्याची तक्रार होती. पुरुषांचीही वाट निर्धोक नव्हती. ९२१ मध्यें आल्प्सच्या घाटांत सारासेन लुटारूंनीं इंग्रज यात्रेकरूंना दगडांनीं ठेंचून मारिल्याची नोंद आहे. अशा काळीं पतिपत्नींनीं मिळून ही यात्रा करावी, यांत भक्तीइतकाच व्यवहारही होता.

वेसेक्सचा राजा इना यानें ३७ वर्षें राज्य करून ७२६ मध्यें सिंहासन सोडलें व तो रोमला गेला. त्याची राणी एथेलबर्ग हिच्याविषयीं १२ व्या शतकांतील इतिहासकार माम्सबरीचा विल्यम यानें एक कथा दिली आहे. राजाला राज्यत्यागाचा उपदेश ती वारंवार करी. पण राजा आज-उद्यां करीत राही. एकदां एका वाड्यांत थाटाची मेजवानी झाली. दुसऱ्या दिवशीं राजाची स्वारी निघतांच राणीच्या सांगण्यावरून कारभाऱ्यानें तो वाडा शेणानें व केरकचऱ्यानें भरून टाकिला, आणि शय्येवर नुकतीच व्यालेली डुकरीण आणून निजविली. मग कांहीं निमित्तानें राणीनें पतीला मागें फिरविलें आणि कालचें वैभव आज कोठें आहे, असें विचारिलें. राजाला जें उमगावयाचें तें उमगलें. दोघें रोमला गेलीं, आणि तेथें राजानें सामान्य माणसाच्या वेषांत, पत्नीच्या सोबतीनें, म्हातारपण काढिलें. ही कथा जवळजवळ ४०० वर्षांनंतर लिहिलेली असल्यामुळें तिचा सर्व तपशील जसाच्या तसा धरून चालणार नाहीं. परंतु यात्रेचा संकल्प पत्नीचा आणि पाऊल दोघांचें, ही गोष्ट त्या काळच्या वाचकांस असंभाव्य वाटली नाहीं, एवढें तिच्यावरून दिसतें.

दुसऱ्या एका दांपत्याच्या वांट्यास असें समाधान आलें नाहीं. मर्सियाचा राजा बर्ग्रेड याचा विवाह ८५३ मध्यें एथेलस्विथ हिच्याशीं झाला. प्रसिद्ध आल्फ्रेड राजाची ही बहीण. ८७४ मध्यें डेन लोकांनीं बर्ग्रेडला राज्यांतून हांकून लाविलें. तो रोमला गेला, तेथेंच वारला, आणि तेथील इंग्रजांच्या वस्तींतील सेंट मेरीच्या देवळांत त्याला पुरण्यांत आलें. राणीनें ८८८ मध्यें देह ठेविला. परंतु तिचें शरीर पाव्हियांत विसावलें, असें जुनी इंग्रजी बखर सांगते. एकाच वाटेवर, पण शेंकडों मैलांच्या अंतरानें, हीं पतिपत्नी चिरनिद्रा घेत राहिलीं. राणीचें नांव कोरलेली सोन्याची अंगठी १८७० मध्यें यॉर्कशरमध्यें शेत नांगरतांना सांपडली. ती ब्रिटिश म्यूझियममध्यें ठेविलेली आहे.

१९९४ मध्यें कौन्सिल ऑफ यूरोप या संस्थेनें या वाटेला सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली. आज अनेक पतिपत्नी पाठीवर पिशवी घेऊन ती चालतात आणि मुक्कामोमुक्कामीं यात्रापत्रावर शिक्के घेतात. निदान शेवटचे १०० किलोमीटर पायीं चालणारास रोममध्यें प्रशस्तिपत्र मिळतें. त्यांचें घर मागें सुरक्षित असतें आणि परतीची वाट मोकळी असते. बर्ग्रेड व एथेलस्विथ यांना तें भाग्य लाभलें नाहीं. पाव्हियांतून जोडीनें जाणाऱ्या यात्रेकरूंनीं घटकाभर थांबून त्या राणीचें स्मरण केलें, तर तें अस्थानीं होणार नाहीं.