पऱ्हाटी माजली म्हणून कापूस वाढला?

विदर्भातल्या कोरडवाहू कापसाबद्दल एक समज पक्का बसला आहे. झाडाला ऐसपैस जागा द्यावी, युरियाला हात आखडू नये, पऱ्हाटी कमरेच्या वर गेली की बोंडांना तोटा नाही. ओलिताच्या भारी जमिनीत यात तथ्य आहे. तिथे सुटे झाड पन्नास बोंडेही पोसते. शिवाय चौफुली लागवडीत डवरणी आडवी-उभी होते, निंदणाची मजुरी वाचते. हा फायदा कमी लेखू नये.

हलक्या जमिनीत मात्र हिशेब बिघडतो. तीन बाय दोन फुटांवर एकरी ७,२६० झाडे बसतात. झाडाला २० बोंडे आणि बोंडाला चार ग्रॅम कापूस धरला, तर उतारा पावणेसहा क्विंटलच्या आसपास. ओळी तीन फुटांवरच ठेवून झाडे अर्ध्या फुटावर टोबली, तर ती २९,०४० होतात. आठच बोंडे धरली तरी सव्वानऊ क्विंटल. दाटीत बोंड जरा लहान राहते, काही झाडे मरतात. ती तूट सोसूनही दाट पेरा पुढेच राहतो.

याचे कारण वेळेत आहे. फुलापासून बोंड फुटायला साधारण ५० दिवस लागतात, आणि ऑक्टोबरात पाऊस गेला की हलक्या रानातली ओल झपाट्याने उतरते. आठ बोंडे खालच्या फळफांद्यांवर मुदतीत भरतात. विसांचा हट्ट धरला की वरची पाती उशिरा लागतात आणि बरीचशी गळतात. त्यात जादा नत्र पडले की पाने आणि गळफांद्या माजतात, फळधारणा आणखी लांबते, लुसलुशीत पानांवर तुडतुडे येतात आणि उशिराची बोंडे गुलाबी बोंडअळीला आयती सापडतात. ओळींमधली मोकळी जागा युरियाने भरून काढू पाहणारा शेतकरी नेमके हेच ओढवून घेतो.

दाट लावले तर खतही चौपट लागेल, असे म्हणणारे नत्र झाडागणिक मोजतात. गरज ठरते ती एकरी किती कापूस पिकणार यावरून. म्हणून मात्रा एकरी धरावी आणि ओल पाहून हप्त्यांनी द्यावी.

बियाण्याचा आक्षेप मात्र खरा आहे. संकरित बीटीची पाकिटे चौपट घेणे परवडत नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने सघन लागवडीसाठी ‘सुरज’सारखे सरळ वाण पुढे आणले, त्यांचे बी घरचे धरता येते. पण दुकानाच्या फळीवर संकरितांचीच गर्दी आहे, आणि दाट पेऱ्याचे घोडे अडले आहे ते तिथे.